तेल पापणीतले, उजेड दिव्याचा : कोरड्या डोळ्यांवरील प्रकाशोपचाराचा इतिहास

१/२०
एकविसाव्या शतकाची पहिली वर्षे. स्थळ : अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहर. 'रोझेशिया' या विकारात गाल व नाक सतत लालसर दिसतात, त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगून वर दिसू लागतात. अशा रुग्णांच्या गालांवर प्रखर प्रकाशाचे क्षणिक झोत सोडण्याचा उपचार तेथे चालू होता. लाली ओसरली, हे अपेक्षितच होते. मात्र काही रुग्णांनी एक अनपेक्षित गोष्ट सांगितली : वर्षानुवर्षे डोळ्यांत होणारी जळजळ आणि खुपणेही कमी झाले होते.

२/२०
नेत्रतज्ज्ञ रोलॅन्डो टोयोस यांचे लक्ष या तक्रारमुक्तीकडे वेधले गेले. उपचाराच्या वेळी डोळे संरक्षक कवचाखाली पूर्ण झाकलेले असत. प्रकाश डोळ्यांत शिरलाच नव्हता, एकही थेंब औषध पडले नव्हते, तरीही डोळ्यांचा कोरडेपणा घटला होता. हे कसे घडले असावे? या प्रश्नाच्या उत्तरासाठी दोन इतिहास शेजारी ठेवून वाचावे लागतात. एक अश्रूंचा, दुसरा प्रकाशाचा. हे दोन्ही प्रवाह शेकडो वर्षे एकमेकांना न भेटता वाहत होते.

३/२०
आधी अश्रूंचा इतिहास. डोळ्यांचा कोरडेपणा हा संगणकाच्या पडद्यासोबत जन्मलेला आजार नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांची मोजदाद आहे आणि त्यांत 'शुष्काक्षिपाक' नावाचा एक रोग येतो. आक्रसलेला डोळा, रुक्ष व कठीण झालेली पापणी, गढूळ नजर आणि डोळा उघडताना होणारे कष्ट, अशी त्याची लक्षणे. उपचारांत तुपाला मानाचे स्थान आहे : पोटातून घेण्यासाठीही आणि डोळ्यांच्या तर्पणासाठीही. पापणीतील तेलग्रंथी त्या काळी ज्ञात होत्या, असा अर्थ यातून काढता येत नाही. मात्र कोरडेपणावर केवळ पाणी नव्हे, स्निग्धता हवी, हा अनुभव त्या उपचारात निश्चितच उमटलेला दिसतो.

४/२०
त्या ग्रंथींचे सविस्तर वर्णन १६६६ मध्ये झाले. जर्मनीतील हेल्मश्टेट येथील वैद्य हाइनरिश मायबोम यांनी पापण्यांच्या आतील बाजूस उभ्या ओळींत मांडलेल्या सूक्ष्म ग्रंथी नोंदवल्या. वरच्या पापणीत त्या साधारण २५ ते ४० असतात, खालच्या पापणीत थोड्या कमी. त्यांची तोंडे पापणीच्या कडेवर, पापणीच्या केसांच्या मागे उघडतात. आज त्या 'मायबोमियन ग्रंथी' म्हणून ओळखल्या जातात. ज्या वर्षी शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, त्याच वर्षीची ही नोंद. पण तिचे खरे महत्त्व कळण्यास आणखी तीन शतके जावी लागली.

५/२०
या ग्रंथींचे काम समजून घेण्यासाठी स्वयंपाकघरात डोकावणे पुरेसे आहे. रश्श्यावर तेलाचा जाड तवंग असेल, तर खालचा रस्सा बराच वेळ वाफाळत नाही आणि गरम राहतो. डोळ्यावरही असाच तवंग असतो. अश्रूंचा पाणीदार थर उघडा राहिला तर हवेत झपाट्याने उडून जाईल. म्हणून प्रत्येक उघडझापीसरशी पापणी त्यावर तेलाचा एक अतिशय पातळ पडदा पसरवते. हे तेल शरीराच्या उष्णतेने प्रवाही राहते. ते दाटले, तर थंडीत बाटलीत गोठलेल्या खोबरेलासारखी स्थिती होते : तेल असते, पण बाहेर येत नाही.

६/२०
वैद्यकाचे लक्ष मात्र दीर्घकाळ तेलाकडे नव्हे, पाण्याकडे राहिले. १९०३ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑटो शिर्मर यांनी एक साधी चाचणी सुचवली. खालच्या पापणीत टीपकागदाची अरुंद पट्टी अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते पाहायचे. स्वस्त, सोपी आणि आकडा देणारी ही चाचणी आजही वापरात आहे. परंतु प्रत्येक मोजपट्टी स्वतःपुरतेच सत्य दाखवते. ही पट्टी पाण्याचे प्रमाण सांगते. त्यावरच्या तेलाविषयी ती काहीच बोलत नाही.

७/२०
पुढचा टप्पा १९३३ चा. स्वीडिश नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी आपल्या प्रबंधात १९ स्त्रियांची प्रकरणे मांडली. त्यांचे डोळे व तोंड कोरडे पडले होते आणि त्यांपैकी बहुतेकींना संधिवातही होता. हे सुटे आजार नसून एकाच व्याधीची अंगे आहेत, असा त्यांचा दावा होता. परीक्षकांनी प्रबंधाला पुरेसे गुण दिले नाहीत आणि शोग्रेन यांना अध्यापनाचे पद मिळू शकले नाही. १९४३ मध्ये त्या प्रबंधाचा इंग्रजी अनुवाद झाल्यावर जगाने त्याची दखल घेतली. आज ती व्याधी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या थोर कामामुळे एक समज मात्र अधिक पक्का झाला : कोरडा डोळा म्हणजे पाण्याची टंचाई.

८/२०
तो समज १९८० मध्ये हलला. अमेरिकेतील डोनाल्ड कॉर्ब आणि अँटोनियो हेन्रिकेझ यांना कॉन्टॅक्ट लेन्स सहन न होणाऱ्या रुग्णांत काही वेगळेच आढळले. वरकरणी पापण्या निरोगी दिसत, पण त्यांतील तेलग्रंथींची तोंडे बुजलेली असत. हलका दाब देऊन त्या मोकळ्या केल्या की त्रास कमी होई. 'मायबोमियन ग्रंथींचा कार्यदोष' ही संज्ञा येथून रुळली. २०११ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांच्या एका कार्यगटाने तर असे मत नोंदवले की, हाच दोष बहुधा जगातील कोरड्या डोळ्यांचे प्रमुख कारण असावा. मायबोम यांच्या नोंदीनंतर ३४५ वर्षांनी त्यांच्या ग्रंथींना मध्यवर्ती स्थान मिळाले.

९/२०
आता दुसरा इतिहास : प्रकाशाचा. नील्स फिन्सेन यांचा जन्म १८६० मध्ये, उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर झाला. तरुणपणीच त्यांना एका दीर्घ व्याधीने गाठले. थकवा आणि रक्तक्षय यांनी ते पोखरले गेले. कोपनहेगनमध्ये उत्तरेकडे तोंड असलेल्या अंधाऱ्या घरात राहताना, उन्हात बसले की आपल्याला बरे वाटते, असे त्यांना जाणवे. स्वतःच्या दुखण्यातून उपजलेल्या या कुतूहलाने आधुनिक प्रकाशोपचाराचा पाया घातला.

१०/२०
१८९५ मध्ये त्यांनी नील्स मोगेन्सेन या अभियंत्यावर उपचार सुरू केले. मोगेन्सेन यांना चेहऱ्याचा त्वचाक्षय होता. क्षयाचे जंतू त्यात कातडी हळूहळू खाऊन टाकतात. त्या काळी विद्रूपता आणि समाजापासून तुटलेपण हेच अशा रुग्णांचे भागधेय असे. फिन्सेन यांनी कार्बनच्या विद्युत्‌दिव्याचा झोत स्फटिकाच्या भिंगांतून आणि उष्णता शोषणाऱ्या पाण्यातून नेऊन व्रणांवर एकवटला. परिचारिका व्रणावर थंड काच दाबून तासन्‌तास बसत. मोगेन्सेन यांची प्रकृती सुधारली. १८९६ मध्ये फिन्सेन संस्था उभी राहिली, १९०३ मध्ये फिन्सेन यांना वैद्यकाचे नोबेल मिळाले आणि १९०४ मध्ये, अवघ्या ४३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

११/२०
या कथेला एक विलक्षण उत्तरार्ध आहे. प्रकाशातील अतिनील किरण जंतूंना थेट मारतात, असे स्पष्टीकरण त्या काळी दिले जाई. २००५ मध्ये डॅनिश संशोधकांनी फिन्सेन यांची जुनी भिंगे तपासली, तेव्हा आढळले की जंतुनाशक मानले गेलेले लघुलहरी अतिनील किरण त्या भिंगांतून पुढे जातच नव्हते. बहुधा दीर्घलहरी अतिनील व निळ्या प्रकाशामुळे जंतूंमधीलच काही द्रव्ये उद्दीपित होऊन जंतू मरत असावेत. अर्थात उपचार खरा होता, कारणमीमांसा चुकीची होती. प्रकाशोपचाराच्या इतिहासात हे वारंवार घडलेले दिसते : गुण आधी येतो, कारण मागाहून सापडते.

१२/२०
दुसरे उदाहरण बहुतेक मराठी घरांच्या परिचयाचे आहे. कावीळ झालेल्या नवजात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात. या उपचाराचे मूळ १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात आहे. तेथील परिचारिका सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात अंगणात नेत असत. उन्हात उघड्या राहिलेल्या त्वचेचा पिवळेपणा उतरतो आणि कपड्याने झाकलेला भाग पिवळाच राहतो, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवून दिले. रिचर्ड क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर प्रयोग केले आणि १९५८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका परिचारिकेच्या सजग नजरेतून असंख्य बाळांचे मेंदू वाचले.

१३/२०
१९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर उजळवला आणि वैद्यकाच्या हाती नवा दिवा आला. १९६७ मध्ये बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांनी लेसरने उंदरांच्या गाठी बऱ्या होतात का, हे पाहण्याचा प्रयत्न केला. त्यांचा लेसर फारच क्षीण होता. गाठींवर परिणाम झाला नाही, पण जेथे केस भादरले होते तेथे ते लवकर उगवले. पुढे जखमा भरण्याचा वेग वाढल्याचेही त्यांना आढळले. फसलेल्या प्रयोगातून 'मंद प्रकाशोपचार' ही शाखा जन्मली. पेशींतील ऊर्जाकेंद्रे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, लाल व अवरक्त प्रकाश शोषतात, हे तिचे आजचे प्रमुख स्पष्टीकरण आहे.

१४/२०
१९८३ मध्ये अमेरिकेतील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी एक नेमके तत्त्व मांडले. योग्य रंगाचा प्रकाश योग्य तेवढ्याच क्षणापुरता सोडला, तर त्वचेतील ठराविक लक्ष्यच तापते आणि भोवतालची त्वचा सुरक्षित राहते. हे लक्ष्य रक्तातील हिमोग्लोबिन असू शकते किंवा त्वचेतील रंगद्रव्य. याच सुमाराच्या विचारांवर १९९० च्या दशकात शिमॉन एकहाउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी झेनॉन दिव्याचे झोत देणारे यंत्र विकसित केले. लेसर एकाच रंगाचा असतो. हा प्रकाश अनेक रंगांचा असून गाळण्या लावून त्याचा पट्टा निवडता येतो. 'तीव्र स्पंदित प्रकाश' हे त्याचे नाव. इंग्रजी आद्याक्षरांनी तो 'आयपीएल' ठरतो. क्रिकेटशी त्याचा संबंध नाही.

१५/२०
येथे दोन्ही प्रवाह मेम्फिसला एकत्र येतात. रोझेशियाच्या रुग्णांत पापण्यांच्या कडेलाही विकृत रक्तवाहिन्या असतात आणि तेलग्रंथींचा दोष वारंवार आढळतो. हिमोग्लोबिनने प्रकाश शोषला की त्या वाहिन्या आक्रसतात आणि त्यांतून पाझरणारी दाहकारक द्रव्ये घटतात, असे एक स्पष्टीकरण आहे. त्वचेला मिळालेल्या उबेने थिजलेले तेल सैल होते, हे दुसरे. पापणीच्या केसांच्या मुळाशी राहणारे 'डेमोडेक्स' किडे कमी होतात, हे तिसरे. यांपैकी कशाचा वाटा किती, यावर एकमत नाही. फिन्सेन यांच्या भिंगांची गोष्ट येथे पुन्हा आठवावी.

१६/२०
रुग्णांचे समाधान म्हणजे पुरावा नव्हे. टोयोस यांनी २०१५ मध्ये तीन वर्षांच्या नोंदींवरून ९१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुसंख्य रुग्णांत सुधारणा दिसली, परंतु तुलनेसाठी उपचार न घेतलेला गट नव्हता. त्याच वर्षी न्यूझीलंडमधील जेनिफर क्रेग व सहकाऱ्यांनी २८ जणांवर अधिक कसोशीची चाचणी केली. एका डोळ्याच्या बाजूस खरा झोत, दुसऱ्या बाजूस लटका. खऱ्या झोताच्या बाजूस तेलाचा थर सुधारलेला आढळला. तरीही २०२० च्या कॉक्रेन आढाव्याला निकषांत बसणाऱ्या फक्त ३ चाचण्या आणि ११४ रुग्ण सापडले. पुरावा तुटपुंजा आहे, असाच त्याचा निर्वाळा होता.

१७/२०
२०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या कारणासाठी अशा पहिल्या यंत्राला परवानगी दिली. तिच्या अटी जाहिरातींत क्वचितच ठळक दिसतात. वय किमान २२ वर्षे. कोरडेपणा तेलग्रंथींच्या दोषातूनच आलेला असावा. झोत केवळ गाल व नाकाच्या त्वचेवर, डोळे पूर्ण झाकलेले. शिवाय हा उपचार गरम शेक, ग्रंथी दाबून मोकळ्या करणे, कृत्रिम अश्रू यांच्या जोडीने द्यावयाचा आहे, त्यांच्याऐवजी नव्हे. पाण्याच्या टंचाईतून आलेल्या कोरडेपणासाठी ही परवानगी नाही. मेस्टर यांच्या वारशातून आलेले, लाल प्रकाशाचे मुखवटे वापरणारे मंद उपचार वेगळे. त्यांचा पुरावा अजून कोवळा आहे.

१८/२०
त्या परवानगीत आणखी एक अट आहे आणि भारतीय वाचकासाठी तीच सर्वांत मोलाची. त्वचेचा प्रकार १ ते ४ यांपैकीच असावा. या क्रमांकांचा उगम पाहण्यासाठी बावचीकडे वळावे लागते. कोडावर बावची लावून ऊन देण्याची पद्धत भारतात जुनी आहे. १९३३ मध्ये, म्हणजे शोग्रेन यांच्या प्रबंधाच्याच वर्षी, भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी तिच्या बियांतून 'सोरालेन' वेगळे केल्याची नोंद आहे. इजिप्तमध्ये अशाच गुणाच्या दुसऱ्या वनस्पतीवर संशोधन झाले. त्यातून १९७० च्या दशकात सोरालेन आणि अतिनील किरण यांचा जोड उपचार आकारास आला. कोणाला किती किरण सोसतील हे ठरवण्यासाठी १९७५ मध्ये थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी त्वचेचे प्रकार आखले.

१९/२०
ती पहिली आखणी गोऱ्या त्वचेपुरतीच होती. तपकिरी व काळ्या त्वचेसाठी ५ आणि ६ हे प्रकार मागाहून जोडले गेले. ज्या बावचीच्या भूमीतून ही वाट निघाली, तेथील माणसांची त्वचा त्या मोजपट्टीवर सुरुवातीला नव्हतीच. हा केवळ इतिहासाचा उपरोध नाही. गडद त्वचेतील रंगद्रव्य झोताचा प्रकाश स्वतःच शोषून तापते. त्यामुळे भाजणे, काळे वा पांढरे डाग राहणे असे धोके वाढतात. भारतात प्रकार ४ आणि ५ ची त्वचा मोठ्या प्रमाणात आढळते. म्हणून उपचारापूर्वी 'यंत्र कोणते?' याआधी विचारायचा प्रश्न हा : 'माझ्या त्वचेचा प्रकार कोणता, आणि माझा कोरडेपणा पाण्याचा की तेलाचा?'

२०/२०
या साऱ्या कथेचा धागा एकच आहे. आजारी फिन्सेन यांना उन्हात आलेला अनुभव, अंगणातल्या परिचारिकेची नजर, उंदराच्या पाठीवरचे केस, रोझेशियाच्या रुग्णाचे सहज निघालेले वाक्य : प्रत्येक वेळी शोध मूळ हेतूच्या बाजूलाच सापडला, आणि तो सापडला कारण कोणीतरी ती किरकोळ भासणारी गोष्ट मनावर घेतली. पण नोंद म्हणजे शोधाचा आरंभ. तिला कसोटीवर घासणे हे त्याचे दुसरे अर्धे काम. कोरड्या डोळ्यांवरचा प्रकाशोपचार आज त्या दोन अर्ध्यांच्या मध्ये उभा आहे. 'औषधाविना' हा शब्द आश्वासक वाटतो. पण प्रकाशालाही मात्रा असते, आणि ती मात्रा ठरवताना कोणाची त्वचा समोर होती, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक रुग्णाला आहे.